पोरगं संस्थेत लागलं

"ऐकलंस का गं?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की गॅस बंद करूनच बाहेर यावं, नाहीतर दूध उतू जाणार हे ठरलेलं. नगरच्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत दोन घरांमधली भिंत छातीइतकीच उंच आहे आणि ती तेवढीच ठेवायची, असा अलिखित ठराव आहे. पलीकडं सिस्टर राहतात. आरोग्य खात्यात नर्स म्हणून त्यांनी सगळी हयात कर्जत-जामखेडकडच्या उपकेंद्रांत काढली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव अजून माहीत नाही.

"काय झालं?"

"कोपऱ्यावरच्या गुरुजींच्या धाकट्यानं सुप्याची कंपनी सोडली."

"मग दुसरीकडं लागला असेल. रांजणगावला, चाकणला."

"संस्थेत लागला." हे त्यांनी असं काही म्हटलं, जसं कुणी 'आयसीयूत आहे' म्हणावं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी एव्हाना बाल्कनीतून वाकल्या होत्या. त्या जिना उतरून आल्या त्या मेथीची जुडी आणि सूप घेऊनच, म्हणजे बैठक लांबणार. बातमीचा पुढचा भाग त्यांच्याकडं होता. रविवारी मुलगा बघायला श्रीरामपूरकडची माणसं येणार होती. कंपनी सोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि काल फोन आला. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण संस्थेत म्हणजे नेमकं काय? पगार असतो का? का दिवाळीला काहीतरी देतात?

"गुरुजींच्या मिसेस रडतायत," वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, पोरगं वाईट नादाला लागलं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. हे सांगायचं कसं?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मीही संस्थेतच. दक्षिण नगरच्या तीन तालुक्यांत बचत गट आणि कुपोषणाचं काम बघते.

"मी आहे की संस्थेत. माझं काय वाईट झालंय?"

"तुझं वेगळं," वहिनींनी मेथीची एक काडी मोडली. "तुझे मिस्टर बँकेत आहेत."

यावर बोलायला काही उरलंच नाही, कारण बाईनं मुद्द्यावरच बोट ठेवलं होतं. आमच्या क्षेत्रात चार माणसं एकत्र आली की त्यागाबद्दल, समर्पणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण फिल्डवर काम करणाऱ्यांची नुसती हजेरी घेऊन बघा. लग्न न झालेली पोरं असतात. नवरा नोकरीत असलेल्या बायका असतात. पन्नाशीतला एखादा कार्यकर्ता असतो, त्याची बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका असते किंवा गावाकडं त्याचा ऊस उभा असतो. दोन पोरांचा बाप, घरभाडं भरणारा, फक्त संस्थेच्या पगारावर जगणारा माणूस शोधायला गेलं तर फार हिंडावं लागतं. सेवेच्या मागं कुणाची तरी भाकरी असतेच. ती कुणाची आहे एवढंच कुणी विचारत नाही. श्रीरामपूरकरांनी विचारलं, तर मला ते वावगं वाटत नाही.

सिस्टर हसल्या. "पण जागा बघ कशी. सुप्यातून निघून संस्थेकडं! अगं, आरोळे डॉक्टर मूळचे सुप्याचेच की."

"कोण आरोळे?" वहिनींचं माहेर सोलापूर, त्यामुळं त्यांना माफ आहे. आणि आम्हाला तर आयतं निमित्तच मिळालं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले. ते सुप्याचे, त्या जबलपूरकडच्या. पहिल्यांदा नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात चारेक वर्षं काढली. तिथं बरं करून पाठवलेली माणसं तोच आजार घेऊन परत येत, कारण घरचं पाणी तेच आणि भाकरीची टोपलीही तशीच रिकामी. मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली जामखेडला उतरले. जामखेड तेव्हा नकाशावर होतं, एवढंच. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. त्यानंतर दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला.

"त्या दुष्काळात लोक दवा मागत नव्हते, पाणी मागत होते," सिस्टर म्हणाल्या. "तर डॉक्टरांनी बोअर घेतले. आणि हातपंप कुठं बसवायचे? महारवाड्यात, मांगवाड्यात. आता गावाला पाणी पाहिजे तर पाटलीणबाईंनी हंडा घेऊन तिकडं यायचं. भाषण नाही, काही नाही. पाण्यालाच पाठवलं बोलायला."

"आणि तुमच्या नर्सा?" मी मुद्दाम खडा टाकला. जामखेडची गोष्ट कुठंही सांगतात तेव्हा त्यात एक वाक्य हमखास येतं: शिकलेल्या नर्सा गावात राहायला तयार होईनात, म्हणून गावातल्याच अडाणी बायकांना तयार केलं. सिस्टरांपुढं हे वाक्य म्हणणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडणं.

"राहायला तयार होईनात म्हणे!" त्यांनी कढीपत्त्याची फांदी बाजूला सारली. "वीस-बावीस वर्षांची पोरगी. लग्न व्हायचंय. उपकेंद्राची खोली गावाबाहेर, दाराला कडी धड नाही, संडास नाही. रात्री दार वाजलं तर बाळंतीण आहे का दारू पिऊन कुणी आलाय, कळणार कसं? मी पहिल्या गावात ट्रंक दाराला लावून झोपायची. एका रात्री दारावर दगड पडले. सकाळी सरपंचाला सांगितलं तर तो म्हणतो, बाई, तुम्हीच एकट्या राहता, लोक बोलणारच. मग मी पण तालुक्यातनं जा-ये सुरू केली. वरती रिपोर्ट गेला, नर्स मुख्यालयी राहत नाही. हां, नाही राहत. तुम्ही राहून दाखवा."

वहिनींची मेथी थांबली होती.

"पण," सिस्टर जरा वेळानं म्हणाल्या, "त्यांनी केलं ते बरोबर केलं. मी चिडते ते वेगळं. मला गाव बाहेरची म्हणायचं. तिला कसं म्हणणार? ती तिथलीच. दगड मारणाऱ्याची आई तिच्याच शेजारी राहणार."

मग त्यांनी त्या बायकांबद्दल सांगितलं. सिस्टरांना त्यातल्या बऱ्याच जणी माहीत, कारण लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करायला त्याच पुढं असत. गावानं निवडलेल्या, बहुतेक अक्षरशत्रू, कितीतरी दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. दर आठवड्याला जामखेडला जायचं, मुक्काम करायचा, सगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवायचं आणि शिकायचं. शिकायचं ते असं, की गरोदर बाईच्या पोटाला हात लावून बाळ आडवं आहे का सांगता यावं. जुलाब लागले तर मीठ-साखर-पाणी किती आणि कसं. बाळाला पहिले तीन दिवस आईचं दूध न देता गुळाचं पाणी चोखायला द्यायची रीत होती ती मोडायची, आणि आधी स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणात मोडून दाखवायची.

"मी सांगितलं तर गाव म्हणायचं, सिस्टर, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी," सिस्टर म्हणाल्या. "तिनं सांगितलं तर ऐकायचे. पटकन नाही. वर्ष, दोन वर्षं. पण ऐकायचे."

जामखेडच्या संस्थेच्या नोंदींप्रमाणं त्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांमागं १७६ पहिल्या वर्षात दगावत होती, आणि नव्वदच्या दशकात तो आकडा विशीत आला. प्राथमिक आरोग्यावरची आल्मा-आटाची ती प्रसिद्ध जागतिक परिषद १९७८ ची, पण त्याआधी तीन वर्षं जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. या बायकांतल्याच एक मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला जाऊन जगभरच्या तज्ज्ञांपुढं बोलून आल्या. जामखेडच्या एसटी स्टँडवरून थेट वॉशिंग्टन. आमच्या संस्थेत नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे सगळं स्लाइडवर दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी एक्सेल शिकवायला घेतात.

"मग त्या बायकांना पगार किती होता?" वहिनींनी विचारलं. त्यांचा काटा तिथून हलत नाही, आणि हलू नये.

"पगार नाही."

"बघा! म्हणजे तेच. फुकट राबवायचं."

इथं मला जरा घसा साफ करावा लागला, कारण हेच मी वेगवेगळ्या बैठकांत वेगवेगळ्या साहेबांना सांगत आलेय आणि कुणी लिहून घेत नाही. जामखेडनं त्या बायकांना आरोग्याच्या कामाचा पगार दिला नाही, हे खरं. पण नुसतं तेवढंच केलं नाही. त्या बाईच्या हातात कमाई कुठून येईल हे आधी बघितलं. शेळ्या, कर्ज, बांगड्यांचा किंवा किराण्याचा छोटा धंदा, शेतीतलं काही. गावात तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी केली, महिलांची मंडळं केली. म्हणजे ती बाई गावाच्या मेहरबानीवर नव्हती आणि डॉक्टरांच्याही नव्हती. तिची भाकरी कुठून येते हे सगळ्यांना दिसत होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट...

"मागं दवाखाना होता," सिस्टर मध्येच म्हणाल्या. "हे कुणी सांगतच नाही बघ. तिनं रात्री बाई जामखेडला पाठवली तर तिथं डॉक्टर उभा असायचा, ऑपरेशन व्हायचं. तिचा शब्द खाली पडायचा नाही. आमच्या वेळी मी चिठ्ठी देऊन पाठवायची आणि तिकडं डॉक्टर रजेवर. मग पुढच्या वेळी माझ्या चिठ्ठीला कोण विचारणार?"

मला तरी जामखेडचं सगळं गमक यातच दिसतं. पण पुढं देशानं उचललं काय? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आली. गावातलीच बाई, गावानंच निवडलेली, आणि कागदावर 'स्वयंसेविका'. पगार नाही, कामागणिक मोबदला. जामखेडचा आदर्श म्हणून जे घेतलं त्यात बिनपगारी ही गोष्ट सगळ्यात आधी घेतली. शेळ्या मात्र राहून गेल्या. दर आठवड्याचा मुक्काम राहिला. मागं उभा असलेला डॉक्टर तर बहुतेक ठिकाणी राहिलाच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला, सगळीकडं फोटो आले. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी मुंबईत आझाद मैदानावर रात्री उघड्यावर झोपल्या होत्या.

"आणि दिवाळीला त्यांना बोनस नाही," वहिनींना अचानक आठवलं. "अंगणवाडीवाल्या माझ्या मावसबहिणीला भाऊबीज भेट देतात. सरकार भाऊ झालं! भावाकडं कसला पगार मागायचा? ओवाळायचं आणि ताटात पडेल ते घ्यायचं."

यावर तिघी इतक्या हसलो की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"ते जाऊ दे," वहिनी मूळ पदावर आल्या. "गुरुजींचा मुलगा तिथं करणार काय? इंजिनियर आहे. शेळ्या वाटणार?"

तो काय करणार हे मी डोळे मिटून सांगू शकते. पहिले दोन महिने तो पेटलेला असेल. संस्थेच्या गाडीत मागं बसून पाथर्डीच्या नाहीतर जामखेडच्या डोंगरपट्ट्यात जाईल, पारावर बसेल, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाईल, फोटो टाकेल. मग त्याला कळेल की बायकांची मीटिंग घ्यायची तर रात्री आठनंतर. दिवसा त्या खुरपायला असतात, संध्याकाळी चुलीपाशी. रात्री साडेआठला देवळात सतरंजी पडते, बायका पदरात पोर घेऊन येतात, वहीवर सह्या होतात, फ्लेक्स टांगला जातो. फ्लेक्स का? फंड देणाऱ्याचं चिन्ह फोटोत आलं पाहिजे. फोटो कसा? जिओटॅग असलेला, म्हणजे अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसणारा. पंचवीस बायकांचं टार्गेट असेल तर पंचवीस डोकी फ्रेममध्ये बसली पाहिजेत. एखादी आजी अंधारात खांबाआड बसली असेल तर तिला उठवून पुढं आणायचं. तिचा विषय सगळा बोलून झालेला असतो, पण तिचं डोकं मोजायचं राहिलेलं असतं.

"म्हणून तू दहा-दहा वाजता येतेस होय," वहिनी म्हणाल्या. 'आम्ही काहीबाही समजत होतो' हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मेथीकडं बघितलं.

"म्हणूनच."

आता यातली खरी गंमत नगरच्या माणसालाच कळेल. फंडाचं वर्ष एप्रिल ते मार्च. खर्च दाखवायची घाई जानेवारी ते मार्च. आणि आमच्या पाथर्डी-जामखेड-शेवगावकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती परत येतात होळी-पाडव्याच्या सुमारास. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, जाण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे ज्या तीन महिन्यांत आम्हाला सगळ्यात जास्त लाभार्थी दाखवायचे असतात, त्या तीन महिन्यांत गावात कुलपं आणि म्हातारी माणसं. मी एकदा डोंगरातल्या एका वस्तीवर दंडघेराची पट्टी घेऊन गेले. ती पट्टी माहीत असेल, लहान पोराच्या दंडाला गुंडाळतात. हिरव्यात आली तर ठीक, पिवळी आली तर लक्ष ठेवायचं, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे पोर तातडीनं दाखवायचं. यादीत वस्तीवरची कितीतरी पोरं होती. प्रत्यक्षात एकच सापडलं, आजीजवळ ठेवलेलं. बाकीची आईबापांबरोबर कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. आजीनं पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पोराच्या दंडाऐवजी स्वतःच्या दंडाला लावली. म्हणाली, "माझं काय येतंय बघ." हिरवं आलं. ती पट्टी मोठ्यांसाठी नसते, हे मी तिला सांगितलं नाही. सांगून तरी काय उपयोग? तिच्यासाठी आमच्याकडं रकानाच नव्हता.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं 'हं' केलं. सगळी नोकरी रकान्यांत घालवलेल्या बाईचं ते 'हं' होतं.

"मग हे बदलून घेत का नाही?" वहिनी.

"कुणाकडून? पैसे देणाऱ्याला मार्चच्या आत अहवाल पाहिजे."

पैशांची गोष्ट निघाली तशी मी ती उरकून टाकली, कारण त्यात रस कुणालाच नसतो आणि आमचा सगळा संसार त्यावर चालतो. पूर्वी परदेशातून मदत यायची. २०२० मध्ये कायदा कडक झाला. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच घ्यायचा, एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही, आणि व्यवस्थापनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही. आधी पन्नास टक्के चालायचं. दुसरीकडं कंपनी कायद्यामुळं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. ते पैसे येतात, पण वर्षाच्या हिशोबानं. वस्तू वाटल्या तर दिसतात. गावोगाव फिरणाऱ्या पोरीचा पगार दिसत नाही, तो 'खर्च' असतो. शिलाई मशिनीला मंजुरी लगेच. ती मशिन शिकवायला जाणाऱ्या बाईचं पेट्रोल विचारलं की भुवया वर जातात. म्हणून माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. प्रोजेक्ट संपला की निरोप समारंभ, नारळ, शाल. शाली तेवढ्या माझ्याकडं भरपूर आहेत.

"म्हणजे असंही होईल," सिस्टरांच्या डोळ्यांत चमक आली, "पोरगं सुप्याची कंपनी सोडून आलं, आणि त्याचा पगार त्याच एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीच्या दोन टक्क्यांतून निघेल."

"होईल की."

"मग श्रीरामपूरकरांना तसं सांगा. मुलगा कंपनीच्याच पैशावर आहे."

वहिनींनी हे मनात नोंदवून घेतलेलं मला स्पष्ट दिसलं. संध्याकाळपर्यंत ते गुरुजींच्या घरी पोचणार.

"पण मग कुणी का जातं गं तिकडं?" वहिनींनी आता जरा मऊ आवाजात विचारलं. "तू का जातेस?"

खरं उत्तर फार साधं आहे आणि मुलाखतीत कुणी देत नाही. मजा येते म्हणून. ऑफिसात बसून ज्या माणसांशी आयुष्यात गाठ पडली नसती अशा माणसांच्या ओसरीवर बसायला मिळतं. ज्या बाईनं पहिल्या मीटिंगला तोंडावरचा पदर काढला नव्हता, ती बँकेत मॅनेजरला म्हणते, "साहेब, व्याज कसं लावलं ते दाखवा." अशा वेळी मागं उभं राहून बघायला मिळतं. यात माझा वाटा थोडा, तिचा जास्त. पण बघायला मिळतं. शिवाय या जिल्ह्यात संस्थांची परंपराच अशी दांडगी आहे की चांगलं काम कसं असतं हे शोधायला लांब जावं लागत नाही. हर्मन बाखर नावाचे स्विस पाद्री, लोक त्यांना बाखरबाबा म्हणायचे, त्यांनी इथं पाणलोटाचं काम रुजवलं. संगमनेरकडची दरेवाडीसारखी उघडीबोडकी गावं चराईबंदी आणि श्रमदान करून हिरवी झाली. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी नगर शहरातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी स्नेहालय सुरू केलं. शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण बायकांना घरी आणून सांभाळतात.

"हा जिल्हाच असला," सिस्टर म्हणाल्या. "पाऊस पडला नाही की इथं संस्था उगवतात."

"सगळ्याच नाही चांगल्या," वहिनी.

"सगळ्याच नाहीत," मी म्हटलं. "काही फक्त लेटरहेडवर आहेत. त्यांची तर सध्या फार धांदल आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्यानगर झालं, आता शिक्के, पाट्या, पावती पुस्तकं सगळं नवीन करायचं. एवढंच काम वर्षभर पुरेल."

"तर मुलीकडच्यांना सांगायचं काय?" वहिनी पुन्हा तिथंच.

सिस्टरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्यांच्या मते पोरानं संस्थेला आधी विचारावं, पीएफ कापता का? करार किती वर्षांचा? प्रोजेक्ट संपल्यावर माणसाचं काय करता? फिल्डला जाताना अपघात झाला तर विमा आहे का? याची उत्तरं धड आली तर मुलीकडच्यांनाही तीच द्यावीत, आणि धड आली नाहीत तर पोराला म्हणावं, मनात असेल तर कर, पण तुझी भाकरी कोण भाजणार ते आधी ठरव. बायकोची नोकरी धरून समाजसेवा करणार असशील तर तिला लग्नाआधी सांग, लग्नानंतर नको.

"आणि लग्नानंतर तिनंच संस्थेत जायचं म्हटलं तर?" मी विचारलं.

"मग ह्यानं परत कंपनीत जायचं," वहिनींनी निकाल दिला. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सिस्टर तर त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. आशाताई आल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात वही, कपाळावर घाम. क्षयरोग-कुष्ठरोगाची घरोघर तपासणी चालू होती. कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला? कुणाच्या अंगावर फिकट चट्टा, ज्याला खाज नाही, टोचलं तर कळत नाही असा? सिस्टरांनी भिंतीवरूनच तिची वही मागून घेतली, चष्मा सारखा केला आणि मागची तीन पानं तपासली. सवय जात नाही. एका घराची बेरीज चुकली होती, ती त्यांनी पेन मागून दुरुस्त केली.

वहिनींना राहवेना. "तुला किती मिळतात गं?"

"कशाचे?" आशाताई म्हणाल्या. "बाळंतपणाचे वेगळे, लसीकरणाचे वेगळे, टीबीच्या पेशंटला गोळ्या संपेपर्यंत बघायचं त्याचे वेगळे. ह्या सर्व्हेचे वेगळे, ते कधी येतील ते विचारू नका. ठराविक काय आणि कामावरचं काय, त्याचा हिशोब मलाच महिनाअखेरीला वही घेऊन बसल्यावर लागतो. तुमच्या घरात माणसं किती?"

"चार."

"गरोदर कुणी?"

"नाही."

"लिही," सिस्टर वही परत देत म्हणाल्या. "वरचा मजला, सून. तिसरा महिना चालू आहे. नोंदणी अजून व्हायचीय."

वहिनींच्या हातातली जुडी सुपात पडली. "सिस्टर! तिसरा संपेपर्यंत सांगायचं नसतं!"

"ती जिना उतरताना कठडा धरते गेल्या पंधरवड्यापासून. सांगायचं काय राहिलंय त्यात?" सिस्टर आशाताईंकडं वळल्या. "हिमोग्लोबिन आधी बघ. पोरीचे ओठ पांढरे दिसतात. आणि खडूची खूण खालच्या बाजूला कर गं बाई, भिंतीचा रंग नवा आहे."